साठ माणसांचं गाव आणि मी ओढलेलं दार

"कॅनडाला जातेय" असं सांगितलं की ऑफिसातला प्रत्येक जण लगेच "नायगारा!" म्हणायचा. मी "नाही, सास्कॅचेवान" म्हणायचे. मग समोरचा थोडं थांबून विचारायचा, "तिथे काय आहे?" हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून ऑक्टोबर २००७ मध्ये आठ दिवसांची रजा टाकली.

तिथे आहे माझा धाकटा भाऊ निखिल. तो मसुरावर संशोधन करतो. सिंगापूरला पीएच.डी. करताना पाच वर्षं आमच्याच यिशुनच्या फ्लॅटमध्ये, किचनशेजारच्या खोलीत राहिला. माझी मुलगी रेवा त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली. पीएच.डी. संपल्यावर "दोन वर्षांसाठी जातो" म्हणून गेला आणि तिसऱ्या वर्षी फोन आला, "ताई, मी इथे घर घेतलंय." घराची किंमत ऐकून माझ्या नवऱ्याने, अजितने, दोनदा खात्री करून घेतली. आम्ही फ्लॅटच्या नुसत्या फरश्या आणि किचन बदलायला तेवढे घातले होते.

घर घेतलं म्हणजे माणूस तिथलाच झाला, अशी आमच्या घरात धास्ती. निखिलचा सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, अजून शाबूत होता, पण त्याचं री-एंट्री परमिट डिसेंबरात संपणार होतं. त्यानंतर परत येणं जवळपास अशक्य. इकडे त्याच्या जुन्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती आणि प्रोफेसर त्याला घ्यायला तयार होते. मी त्याच्या नावाने त्या जागेचा अर्ज भरला, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारली, लिफाफ्यात घातला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. पुण्याहून आईने बजावलं, "त्याला घेऊनच ये." निखिलला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी फक्त भावाला भेटायला आणि प्रेअरी, म्हणजे तो गवताळ सपाट मुलूख, बघायला चालले होते.

पोचायचं कसं

सिंगापूर, हाँगकाँग, व्हँकुव्हर, सास्काटून. तिकीट बावीसशे सिंगापूर डॉलरच्या आसपास पडलं. माझ्यासारखा भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसासाठी महिनाभर आधी हालचाल करा. घड्याळ चौदा तास मागे जातं, त्यामुळे पहिले दोन दिवस तुम्ही पहाटे तीनला टक्क जागे आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगत असता. गाडी चालवता येत नसेल तर तिकडे जाऊ नका. एमआरटीच्या, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोच्या, जोरावर जगणाऱ्या माझ्यासारखीला कोणीतरी न्यायला यावं लागतं.

निखिल पिकअप घेऊन आला होता. दाढी वाढलेली, पायात चिखलाचे बूट. माझ्या हातातली बॅग घेत म्हणाला, "एवढं जड काय आणलंस?"

"चकल्या, भाजणी, काळा मसाला. आणि तुझा स्वेटर."

"इथे उणे चाळीस होतं, ताई. तो स्वेटर मी घरात घालीन."

शहर संपलं आणि पुढे अडीच तास काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे कापणी झालेली शेतं, वर आभाळ आणि मधे सरळ रस्ता. डोंगर नाही, झाड नाही, वळण नाही. पहिली वीस मिनिटं मी "वा" म्हणत होते, पुढची वीस मिनिटं झोप आवरत होते आणि मग कधीतरी नजर त्या रिकामेपणाला सरावली. हळूहळू दिसायला लागलं की तांबूस दिसतंय ते मसुराचं धसकट आहे, पिवळं दिसतंय ते गव्हाचं.

एका ठिकाणी मात्र तो नाकासमोरचा रस्ता अचानक डावीकडे सरकला आणि पुन्हा सरळ झाला. अडथळा काहीच नव्हता. मी विचारलं, तर निखिल खुशीत आला. इथली सगळी जमीन मैलामैलाच्या चौकोनांत आखलेली आहे. पण पृथ्वी गोल, उत्तरेकडे जावं तसे चौकोन आखडत जातात, म्हणून ठरावीक अंतरावर रस्ता थोडा सरकवून हिशेब जुळवतात. पृथ्वी गोल आहे हे मी शाळेत पाठ केलं होतं. गाडीत बसून ते जाणवलं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

समोरून गाडी आली की निखिल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. समोरचाही उचलायचा.

"ओळखतोस?"

"नाही."

"मग?"

"मग काय? अर्ध्या तासात एक माणूस दिसतो. त्याला एक बोटसुद्धा नाही दाखवायचं?"

गाव

गावाचं नाव लिहीत नाही, निखिलने तशी तंबी दिली आहे. गावात साठेक माणसं. भोवतालच्या ग्रामीण नगरपालिकेचं क्षेत्रफळ आख्ख्या सिंगापूरपेक्षा थोडं जास्तच, आणि वस्ती साडेतीनशे. आमच्या एका ब्लॉकमध्ये त्याहून जास्त माणसं राहतात आणि त्यातली निम्मी रविवारी सकाळी ड्रिलिंग करतात.

गावात पोस्ट ऑफिस, एक चर्च, एक सभागृह आणि सकाळी सात ते दुपारी दोन उघडं असणारं एक कॅफे आहे. कॉफी सव्वा डॉलर, परत भरून घ्यायला पैसे नाहीत. सास्काटून बेरीचा पाय, म्हणजे गोड सारण भरून भाजलेला जाडसर पदार्थ, तीन डॉलर. ही बेरी जांभळासारखी दिसते, रानात होते. जरूर खा. पेट्रोल मात्र चाळीस किलोमीटरवर मिळतं, तेव्हा काटा अर्ध्यावर आला की टाकी भरा. राहायला गावात हॉटेल नाही. पेट्रोल मिळतं त्याच गावात मोटेल आहे, सत्तर डॉलरच्या आसपास.

निखिलचं घर लाकडी, दोन मजली, पांढरं. आत शिरले तर दिवाणखान्यात हा भलामोठा पियानो.

"तू पियानो कधीपासून वाजवायला लागलास?"

"मी नाही वाजवत," एवढंच म्हणून तो कुकर लावायला गेला.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मिळालं. निखिल शेतावर गेला होता. मी नुकतीच न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळून पोहे परतत होते. इतक्यात दार उघडल्याचा आवाज आला. ना बेल, ना टकटक. एक ऐंशीच्या घरातल्या बाई सरळ आत आल्या, बूट काढले, कोट खुंटीला अडकवला आणि मला म्हणाल्या, "तू बहीण असणार. वास छान येतोय." मग पियानोपाशी बसून वाजवायला लागल्या. मी हातात झारा घेऊन तशीच उभी.

त्या डॉरिस. गावात सगळे त्यांना नुसतं "डॉरिस" म्हणतात. माझ्या जिभेला ते जमेना, मी मनातल्या मनात डॉरिसआजी करून टाकलं. हे घर त्यांचं. पन्नासेक वर्षं त्या इथे राहिल्या. नवरा गेल्यावर जिना चढवेना, म्हणून तीन गल्ल्या पलीकडे दोन खोल्यांत राहायला गेल्या. तिथे पियानो मावत नव्हता. निखिलने घर घेताना पियानो जागेवरच ठेवला आणि त्यांनी रोज बाराला येऊन वाजवायचं ठरलं. कागदावर काहीच नाही. रविवारी चर्चमध्ये आणि सभागृहातल्या प्रत्येक कार्यक्रमात त्याच वाजवतात, त्यामुळे सराव हवा. त्यांनी माझे पोहे खाल्ले, शेंगदाणे वेचून बाजूला ठेवले आणि एकला निघून गेल्या. निखिल आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं, "सांगायचंस तरी!" तर म्हणाला, "सांगण्यासारखं काय आहे त्यात? बारा वाजले की त्या येतात."

रात्री पर्समधल्या लिफाफ्याला हात लावून बघितला. उद्या काढू म्हटलं.

तिसरा दिवस

शुक्रवारी निखिलने दिवसभराची सुट्टी घेतली. आधी मुलूखभर हिंडायचं, मग संध्याकाळी सभागृहात सुगीनंतरचं गावजेवण. तो पुढे जाऊन गाडी गरम करत होता. मी मागाहून निघाले, दाराच्या मुठीवरचं कुलपाचं बटण दाबलं, दार ओढून घेतलं, दोनदा ढकलून पाहिलं आणि गाडीत बसले.

पहिला मुक्काम नगरपालिकेच्या कचेरीत. कचेरी म्हणजे एक खोली, आणि कारभारी म्हणून एकट्या लॉर्नाबाई. रस्त्यांची खडी, उंदीर-घुशींचा बंदोबस्त, निवडणूक, कुत्र्यांची तक्रार, सगळं त्यांच्याच टेबलावर. तिथे नगरपालिकेचा नकाशा विकत मिळतो, पंधरा डॉलर. प्रेअरीला जाल तर हा नकाशा चुकवू नका. प्रत्येक चौकोनात जमिनीच्या मालकाचं नाव छापलेलं असतं. मी तासभर त्यात डोकं घालून बसले. एकच आडनाव दहा-दहा चौकोनांत, आणि त्यातले पाच चौकोन एकाच माणसाचे.

"पूर्वी या प्रत्येक चौकोनात एक घर होतं," लॉर्नाबाई म्हणाल्या.

"आता?"

"बघाल तुम्ही. काही पडली, काही उभी आहेत. रस्त्यावरून ओळखायचं सोपं आहे. दाराला कुलूप दिसलं की समजायचं, माणसं गेली."

"आणि राहतात ती?"

"राहणारा कशाला लावेल? थंडीत कोणाची गाडी बंद पडली तर बिचाऱ्याने जायचं कुठे?"

मला सकाळी दाबलेलं बटण आठवलं. मी निखिलकडे बघितलं. तो नकाशाची गुंडाळी करत होता. घड्याळात पावणेबारा झाले होते आणि आम्ही घरापासून पन्नास किलोमीटरवर होतो.

गाडीत बसल्यावर मी हळूच विचारलं, "तुझ्या घराची किल्ली कुठे असते रे?"

"किल्ली नाहीये. डॉरिसकडेही नव्हती. का?"

मी सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने घड्याळ बघितलं आणि हसायचा थांबला. जित्याची खोड. यिशुनला मी कचरा टाकायला चार पावलं गेले तरी जाळीच्या दाराला कुलूप घालते. पण ही सबब त्या क्षणी मलाच फिकी वाटली.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. वारा असा की डोळ्यांतून पाणी काढत होता. डॉरिसआजी नव्हत्या. पायरीवर कोणी उभं राहिल्याच्या खुणा तेवढ्या होत्या. निखिलने वॉल्टना बोलावलं. वॉल्ट म्हणजे नगरपालिकेचे रीव्ह, आपल्याकडचे सरपंच समजा. वय सत्तर, अंगाने आडवे. त्यांनी घराला एक चक्कर मारली आणि तळघराची जुनी, कोळसा ओतायची खिडकी पायाने ढकलून उघडली. मग आमच्या तिघांच्या आकाराचा अंदाज घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सिंगापूरच्या एका बँकेतली मी असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट. भावाचा ओव्हरऑल चढवून कोळशाच्या खिडकीतून पाय पुढे करून आत घसरले आणि बटाट्यांच्या पोत्यावर पडले. वर आले, दार उघडलं. वॉल्टनी माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि टोपी काढून म्हणाले, "गावात स्वागत." मग निखिलकडे वळून, आवाज उतरवून विचारलं, "तर मग निघालास?"

"नाही तर. ताईने चुकून दार ओढलं."

"बरं, बरं," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. आणि मी खाली मान घालून ओव्हरऑलची काजळी झटकत राहिले, कारण चोराच्या मनात चांदणं.

गावजेवण

सभागृहात दीडेकशे माणसं, लांबलांबच्या शेतांवरून आलेली. मोठ्यांना दहा डॉलर, लहानांना पाच. टर्की, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, बटाट्याचं सारण भरलेल्या करंजीच्या आकाराच्या पेरोग्या, आणि एका आख्ख्या टेबलावर नुसते पाय. शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही. या लोकांनी पिकवलेला मसूर जहाजातून सिंगापूरच्या तेक्का बाजारात येतो आणि मी त्याची आमटी करते. पण ते स्वतः मसूर खात नाहीत. "कसा लागतो?" असं मला चौघांनी विचारलं.

सगळे माझ्याशी फार चांगले वागत होते, जरा जास्तच. कोणी पायचा मोठा तुकडा वाढत होतं, कोणी निखिलने मागच्या हिवाळ्यात गाडी ओढून काढल्याची गोष्ट सांगत होतं. कोपऱ्यातला पियानो मात्र बंद होता. निखिल सारखा दाराकडे बघत होता.

लॉर्नाबाईंनी शेवटी सांगितलं. डॉरिस बाराला गेल्या होत्या. दार ढकललं तर उघडेना. थोडा वेळ गाडीत बसून राहिल्या आणि परत गेल्या. आज वाजवायला जमणार नाही, असा निरोप आला होता.

वॉल्ट कॉफीचा कप घेऊन माझ्या शेजारी बसले. "भावाला न्यायला आली असशील तर संकोच करू नकोस," ते म्हणाले. "आम्ही कोणाला अडवत नाही. माझी तिन्ही मुलं शहरात आहेत. आम्हाला सवय आहे."

त्यांच्या स्वरात राग असता तर बरं झालं असतं.

बाहेर पिकअपमध्ये बसल्यावर निखिल म्हणाला, "आता तो लिफाफा दाखव."

"तुला काय माहीत?"

"आईने गेल्या रविवारीच फोनवर सांगितलं. वर म्हणाली, ताईला कळू देऊ नकोस मी सांगितलंय ते."

मी लिफाफा दिला. त्याने गाडीतल्या दिव्याखाली सगळा अर्ज नीट वाचला, पेन्सिलीच्या फुलीपाशी थांबला, आणि घडी घालून मला परत दिला. मग गाडी डॉरिसआजींच्या घरापाशी नेली. एकटाच आत गेला. दहा मिनिटांनी आला.

"काय म्हणाल्या?"

"विचारलं, सामान न्यायला वॉल्टचा ट्रक लागेल का."

"मग तू?"

"म्हटलं, ताईला विचारून सांगतो." तो चेष्टा करत नव्हता. "तू म्हणशील तर मी सही करतो, ताई. पाच वर्षं तुझ्या घरी राहिलोय, माझं आजारपणसुद्धा तू काढलंयस. पण एक सांगू? तुमच्याकडे मी मजेत होतो. घराबाहेर मात्र मी गेलोय की आहे, कोणाला पत्ता नसायचा. इथे मी घरी नसलो तरी माझ्या घरात कोणीतरी असतं."

खरं सांगायचं तर आईचं फक्त निमित्त होतं. किचनशेजारच्या खोलीत मी अजून इस्त्रीचं टेबलसुद्धा ठेवलेलं नाही. तो मलाच परत हवा होता, आणि त्याची सही त्या वेळी माझ्या एका शब्दावर होती.

चौथा दिवस

शनिवारी निखिल सकाळी शेतावर गेला. मी बाराची वाट बघत बसले. बारा वाजले, सव्वाबारा झाले. मी दार सताड उघडं करून पायरीवर उभी राहिले, घरातली सगळी ऊब बाहेर गेली. साडेबाराला निखिलचा जाड कोट चढवला, दार तसंच उघडं टाकलं आणि तीन गल्ल्या चालत गेले. पळालेच म्हणा, थंडी होती.

डॉरिसआजींनी दार उघडलं. मी आदल्या रात्री पाठ केलेलं सगळं विसरले. "माझी चूक झाली," मी म्हटलं. "आमच्याकडे कचरा टाकायला गेलं तरी कुलूप लावतात. सवयीने हात गेला. तुम्ही वाजवायला चला. निखिल कुठेही जात नाहीये."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला कळलं की मी काय बोलून बसले. ते परत घेता आलं असतं. मला घ्यावंसं वाटलं नाही. डोळे भरून आले, ते मी वाऱ्यावर ढकलले.

आजी आत जाऊन कोट घेऊन आल्या.

निखिल दीडला आला तेव्हा त्या वाजवत होत्या आणि मी जमिनीवर बसून लसूण सोलत होते. तो दारातच थांबला. बूट काढले, आत गेला आणि मसुराचा कुकर लावला. जेवताना आजींनी पहिल्यांदाच आमटी चाखली. "नेहमीसाठी नाही," म्हणाल्या, "पण वाईट नाही."

निघताना त्यांनी कोटाच्या खिशातून एक काळपट किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"नाही म्हणाला होतात ना तुम्ही?" निखिलने विचारलं.

"तेव्हा खरंच सापडत नव्हती. काल रात्री बटणांच्या डब्यात शोधली. उद्या घर बंद करून जाशील तेव्हा तुला लागेल म्हणून."

त्याने हात पुढे केला. त्यांनी किल्ली उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "तू हरवशील," त्याला म्हणाल्या. "कुलपांची काळजी हिला आहे. हिच्याकडे राहू दे."

परत यिशुन

आता चार महिने झाले. लिफाफा मी चांगी विमानतळावर उतरल्यावर कचऱ्यात टाकला. डिसेंबर येऊन गेला. प्रेअरीला जावं का, असं कोणी विचारलं तर मी जरूर जा म्हणते. मोठी प्रेक्षणीय स्थळं शोधू नका. नगरपालिकेचा नकाशा घ्या, जाड कोट घ्या, एक बोट उचलायची सवय करा आणि जमलं तर सुगीनंतरच्या गावजेवणाला जा. किचनशेजारच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे, आणि भिंतीवर तो नकाशा.

किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर आहे, आमच्या जाळीच्या आणि आतल्या दाराच्या किल्ल्यांबरोबर. रेवाने पहिल्याच दिवशी विचारलं, "मम्मी, धिस वन फॉर व्हॉट? वी ऑलरेडी गॉट सो मेनी कीज, लाह!" मी सांगितलं, मामाच्या घराची. रोज ऑफिसला निघताना दोन कुलपं लावते आणि तिसऱ्या किल्लीला उगाच बोट लावते.

आईला समजवायला वेळ लागला. आठवडाभर फोनवर माझ्याशी तुटक बोलली. मग एका रविवारी नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, "एवढ्या ओसाड जागी एकटा राहतो गं. रात्री दाराला कुलूप तरी नीट लावतो ना?"

मी खिळ्याकडे बघितलं. "किल्ली माझ्याकडेच आहे, आई," म्हटलं.

"मग हरकत नाही," आई म्हणाली.